वनभोजन आणि मोळी

मार्गशीर्षात पंढरपूरला गेला असाल, तर विष्णुपदावर शिदोऱ्या सोडून बसलेली माणसे तुम्ही पाहिली असतील. या महिन्यात देव राऊळ सोडून तिथे राहायला येतो अशी आपली श्रद्धा. म्हणून माणसेही घरचे अन्न फडक्यात बांधून घेतात आणि उघड्यावर, नदीच्या वाऱ्यात बसून खातात. भाकरी तीच, पिठले तेच, तरी त्या जेवणाला वेगळे नाव आहे: वनभोजन. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली पंगत बसते, तीही याच जातीची. घरात पाट-ताट असताना माणूस झाडाखाली जेवायला का जातो, याचा कधी विचार केला आहे का, माउली?

रानात जाणाऱ्यांचे दोन प्रकार आपल्याला चांगले ठाऊक आहेत. एक एकांतासाठी जाणारा. तुकोबाराय भंडाऱ्याच्या डोंगरावर जात ते यासाठी. दुसरा पोटासाठी जाणारा: मोळीवाला, गुराखी, मध काढणारा. पण सकाळी जाऊन संध्याकाळी परतणारा, ज्याला तिथे ना तप करायचे असते ना लाकूड तोडायचे, असा तिसरा माणूस आज सगळ्यांत जास्त दिसतो. शनिवार-रविवारी गाड्या भरभरून डोंगराकडे निघतात. विचारले तर कोणी म्हणतो हवा चांगली, कोणी म्हणतो मन मोकळे होते. ही उत्तरे खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. हा तिसरा माणूस जन्माला कसा आला, याचा इतिहास एका जंगलाच्या बाबतीत फार नीट नोंदलेला आहे. त्यासाठी आपल्याला पंढरीपासून बरेच दूर, थेट लंडनच्या वेशीवर जावे लागेल.

लंडनच्या ईशान्येला एपिंग नावाचे जंगल आहे. मूळचे ते राजाचे शिकारीचे रान. हरणे राजाची, जमीन निरनिराळ्या गावांच्या जमीनदारांची, पण गवत आणि फांद्या यांवर गावकऱ्यांचा पिढीजात हक्क. लाउटन गावच्या लोकांना ११ नोव्हेंबरपासून २३ एप्रिलपर्यंत सरपणासाठी फांद्या तोडण्याची मुभा होती. झाड बुंध्यातून तोडायचे नाही. माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर फांद्या छाटायच्या, म्हणजे नवे कोंब गुरांच्या तोंडाला लागत नाहीत आणि काही वर्षांनी तेच झाड पुन्हा सरपण देते. आपल्याकडे मावळात आणि कोकणात भाताच्या राबासाठी ऐनाचा टहाळ तोडतात, तसाच हा हिशेब.

या हक्काची एक मौजेची रीत होती. ११ नोव्हेंबरच्या मध्यरात्री गावाने जंगलात जाऊन पहिली कुऱ्हाड घालायची. ती चुकली तर हक्क गेला, अशी समजूत. म्हणून सारे गाव आदल्या रात्री शेकोटी पेटवून, खात-पीत जागत बसे. आता सांगा, ही मजुरी की सहल? हा प्रश्नच त्या लोकांना पडला नसता. आपल्या काल्याच्या कीर्तनातही हेच नाही का? गोपाळ काही सहलीला गेले नव्हते. ते गुरे राखायला गेले होते, आणि भूक लागली तेव्हा यमुनेच्या काठी शिदोऱ्या सोडून त्यांनी काला केला. काम, भूक, सवंगडी आणि रान ही चार निराळी नव्हती. काल्याची गोडी आपण दह्या-लाह्यांत शोधतो. मला वाटते ती या एकत्र असण्यात आहे.

एकोणिसाव्या शतकात हे एकत्र असणे तुटले. शेजारचे हेनॉल्टचे जंगल १८५१ च्या कायद्याने वनाच्या बंधनातून मोकळे झाले आणि बघता बघता झाडे पाडून त्याची शेते झाली. लंडन फुगत होते, जमिनीला भाव आला होता. एपिंगचे जमीनदारही कुंपणे घालू लागले. लाउटनचा जमीनदार मेटलँड हा गावचा धर्मोपदेशकही होता. त्याने हजाराहून जास्त एकर रान कुंपणात घेतले. तेव्हा थॉमस विलिंगेल नावाच्या म्हाताऱ्या मजुराने कुंपणाची पर्वा न करता, ठरल्या रात्री फांद्या तोडायचे काम चालूच ठेवले. त्याच्या घरातल्या माणसांना १८६६ मध्ये तुरुंगात जावे लागले. १८६५ मध्ये स्थापन झालेल्या, गावरानांच्या रक्षणासाठी झटणाऱ्या एका संस्थेने त्याच्या नावाने दावा लावला. १८७० मध्ये विलिंगेल वारला आणि दावाही त्याच्याबरोबर संपला.

इथपर्यंत ही मोळीची लढाई होती. पण तोवर तिसरा माणूस जंगलात येऊन पोचला होता. १८५६ मध्ये आगगाडी लाउटनपर्यंत आली. पूर्व लंडनमध्ये गोदीवर, कारखान्यांत, शिंप्यांच्या खोल्यांत राबणारी कुटुंबे रविवारी तिच्यात बसून येऊ लागली. एकेका खोलीत आख्खे बिऱ्हाड, डोक्यावर धूर, सहा दिवस दुसऱ्याच्या घड्याळावर चालणारे हात. यांचे आजे-पणजे कुठल्या ना कुठल्या गावाच्या रानात गुरे चारीत होते. कुंपणांनी त्यांना शहरात लोटले आणि आता त्यांची नातवंडे तिकीट काढून रान बघायला येत होती. त्यांना फांदी नको होती. गवतावर पाय पसरायचे होते, मुलांना धावायला जागा हवी होती, आणि जिथे कोणी मुकादम नाही, बसायचे भाडे नाही अशा ठिकाणी एक दिवस काढायचा होता. पैसे न मोजता, कोणाची परवानगी न घेता बसता येते, ही जंगलाची मोहिनी श्रीमंताला कळणार नाही. त्याच्या घरीच बाग असते.

आणि ही जागा जाते आहे असे दिसताच तेही उठले. ८ जुलै १८७१ रोजी जंगलाच्या दक्षिण टोकाच्या वॉन्स्टेडच्या माळावर हजारो लंडनकर जमले आणि तिथली कुंपणे त्यांनी मोडून काढली. त्याच वर्षी लंडनच्या नगरसभेने जमीनदारांवर दावा लावला. तिला तो अधिकार कसा मिळाला, हे ऐकण्याजोगे आहे. शहराने दफनभूमीसाठी तिथे जमीन घेतली होती, आणि त्या जमिनीबरोबर जंगलात गुरे चारण्याचा हक्क आला होता. चराईचा हक्क साऱ्या जंगलभर चाले, कारण गुराला गावाची शीव कळत नाही. फांद्यांचा हक्क मात्र एका गावापुरता होता. म्हणून मोळीवाल्याचा दावा जिथे अडला, तिथे गुरांचा दावा तरला. न्यायमूर्ती जॉर्ज जेसल यांनी १८७४ मध्ये १८५१ नंतरची कुंपणे बेकायदा ठरवली.

१८७८ मध्ये एपिंग जंगलाचा कायदा झाला. जंगल नगरसभेच्या स्वाधीन करून, ते लोकांच्या विरंगुळ्यासाठी आणि आनंदासाठी कायमचे मोकळे ठेवावे असे ठरले. ६ मे १८८२ रोजी राणी व्हिक्टोरियाने स्वतः तिथे येऊन ते लोकांना अर्पण केले. मोठा उत्सव झाला.

पण त्याच कायद्याने लाउटनकरांचा फांद्या तोडण्याचा हक्क संपला. भरपाई म्हणून ७,००० पौंड ठरले. त्यांतले काही घराघरांत वाटले गेले आणि उरलेल्यातून गावासाठी एक सभागृह बांधले. १८८४ पासून ते उभे आहे. त्याचे नावच फांद्यातोडीवरून ठेवलेले, 'लॉपिंग हॉल'. ज्याच्या घरच्यांनी तुरुंग भोगला त्याची कुऱ्हाड गेली आणि रविवारच्या पाहुण्याला रान मिळाले. मी पाहुण्याला दोष देत नाही. त्याच्यावाचून ते जंगल कधीच विटांखाली गेले असते. तरी हा व्यवहार सरळ होता असे म्हणवत नाही.

आता १८७८ हे साल पुन्हा एकदा पाहा. त्याच राणीच्या राज्यात, त्याच वर्षी, हिंदुस्थानात वनांचा कायदा झाला. राखीव वन, संरक्षित वन हे शब्द तिथून आपल्या गावांत रुजले. तिकडे कुंपणे मोडून रान लोकांचे झाले आणि इकडे जे रान वहिवाटीने लोकांचे होते ते सरकारी झाले. ठाणे-कुलाब्याकडच्या शेतकऱ्यांचा टहाळ अडला, राब अडला. तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला १८८५ मध्ये चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये जंगलखात्यावर जी आग पाखडली, ती याच काळातली. पुढे १९३० मध्ये बिळाशीला, पुसदला, चिरनेरला लोक सत्याग्रहाला उभे राहिले ते जंगलासाठीच. चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी गोळीबार झाला आणि माणसे मेली.

त्या लढ्यातली माणसे 'आम्हाला निसर्ग पाहू द्या' असे म्हणत नव्हती. गवत आणि लाकूड मागत होती. त्यांची नातवंडे गिरणीत आणि कचेरीत आली, चाळीत राहिली, आणि सुटीच्या दिवशी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या दारात तिकिटाच्या रांगेत उभी राहू लागली. लाउटनला जे एका पिढीत घडले, ते इथे तीन पिढ्यांत घडले एवढेच. त्या उद्यानाच्या आत आजही आदिवासी पाडे आहेत. कान्हेरीच्या वाटेने चालताना एखादी बाई डोक्यावर मोळी घेऊन समोरून आली तर तिला वाट द्या. तिच्यात आणि आपल्यात दोन-तीन पिढ्यांचेच अंतर आहे.

एपिंगच्या झाडांचे काय झाले ते सांगायचे राहिले. तिथली हॉर्नबीमची झाडे पाहून लोक थबकतात: डोक्याइतक्या उंचीवर फुगलेले, गाठाळलेले बुंधे आणि त्यांतून वर गेलेल्या दहा-दहा जाड फांद्या. पाहुण्यांना वाटते, निसर्गाची केवढी ही करामत! ती करामत विलिंगेलसारख्यांच्या कुऱ्हाडीची आहे. १८७८ नंतर छाटणी थांबली, फांद्या वजनाला भारी झाल्या, सावली इतकी दाट पडली की खाली गवत उगवेना, आणि जुनी झाडे आपल्याच भाराने फाटू लागली. अलीकडच्या काही दशकांत जंगलाच्या रखवालदारांनी काही भागांत ती जुनी छाटणी पुन्हा सुरू केली आहे. पगार घेऊन माणसे चढतात आणि त्याच गाठींवरून फांद्या उतरवतात.