जर्मनीत लाकडी फरशीखाली गरम पाण्याचे पाईप कसे टाकतात? प्लंबर, गवंडी, सुतारकाम शिकणाऱ्या मुलांसाठी माहिती

महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. त्यातल्या कामांच्या यादीत प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार, फरशी बसवणारा गवंडी हे धंदे आहेत. तालुक्यातली आयटीआय झालेली बरीच मुलं तेव्हापासून जर्मन भाषेच्या क्लासची चौकशी करू लागली आहेत. भाषा तर शिकावीच लागेल, पण तिकडच्या घरात असं एक काम असतं जे आपल्याकडच्या मिस्त्रीच्या हाताखाली कधी बघायलाच मिळत नाही. ते म्हणजे फरशी गरम ठेवण्याचं काम. जर्मन भाषेत त्याला 'फुसबोडनहायत्सुंग' म्हणतात. त्यावर लाकडी फरशी, म्हणजे 'पार्केट' बसवायची असेल तर काम आणखी जपून करावं लागतं.

काम चालतं कसं?

ज्याच्या शेतात ड्रिप आहे त्याला हे लवकर कळेल. फरशीखाली प्लास्टिकचे पाईप वेटोळं करून अंथरलेले असतात. बऱ्याच ठिकाणी पाईप १६ मिमीचाच असतो, म्हणजे आपल्या लॅटरलएवढा. फरक इतकाच की याला भोकं नसतात, पाणी फिरून परत येतं. बॉयलर किंवा हीट पंप पाणी तापवतो, ते मॅनिफोल्डला येतं आणि तिथून प्रत्येक खोलीच्या वेटोळ्याला वेगळा व्हॉल्व्ह असतो. दोन पाईपांत साधारण १० ते २० सेंमी अंतर ठेवतात. एक वेटोळं शक्यतो १०० मीटरच्या आत ठेवतात. लांबी वाढली की पाणी ढकलायला जोर जास्त लागतो आणि शेवटाला पाणी गार होऊन पोचतं. लांब लॅटरलच्या टोकाला पाणी कमी पडतं, तसाच प्रकार.

पाणी उकळतं नसतं. नवीन, चांगल्या बांधलेल्या घरात ३० ते ४० अंशाचं पाणी पुरतं. युरोपातल्या मानकाप्रमाणे रोजच्या वावराच्या जागेत फरशीचा पृष्ठभाग २९ अंशाच्या वर जाऊ द्यायचा नसतो. काही लाकूड कंपन्या २७ अंशावरच थांबायला सांगतात. खोली २० अंश आणि फरशी २९ अंश असली की दर चौरस मीटरला १०० वॅटच्या आसपास उष्णता मिळते.

थर कसे असतात?

खालून वर असा क्रम असतो: काँक्रीटचा स्लॅब, त्यावर थर्माकोलसारखं इन्सुलेशन, त्यावर पाईप, पाईप झाकणारा कोबा आणि शेवटी लाकूड. कोब्याला तिकडे 'एस्ट्रिश' म्हणतात. इन्सुलेशन नसेल तर उष्णता खालच्या मजल्याला किंवा जमिनीला जाते, म्हणून तो थर वाचवून चालत नाही. भिंतीच्या कडेने सगळीकडे फोमची पट्टी लावतात. कोबा तापला की पसरतो, त्याला तेवढी जागा हवी.

कोबा टाकायच्या आधी पाईपची प्रेशर टेस्ट होते. ती ४ ते ६ बारवर, म्हणजे साधारण ४ ते ६ किलो प्रेशरवर घेतात. आपलं ड्रिप १ किलोच्या आसपास चालतं, त्यावरून अंदाज घ्यावा. कोबा टाकताना पाईपमध्ये प्रेशर तसंच ठेवतात. कुणाचं फावडं लागून पाईप फुटला तर काटा लगेच खाली येतो आणि तिथल्या तिथे दुरुस्त करता येतं. कोबा वाळल्यावर गळती सापडली तर फोडण्याशिवाय इलाज नाही.

जुन्या घरात लाकडी तुळयांवरच फरशी असते, तिथे कोब्याचं वजन चालत नाही. अशा ठिकाणी खाचा पाडलेले बोर्ड किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या पन्हाळ्या बसवून त्यात पाईप दाबतात. पत्रा उष्णता बाजूला पसरवतो. इथे मोठी भीती खिळ्याची. पाईप कुठून गेलाय त्याचे फोटो आणि माप काढून ठेवल्याशिवाय वर फळी ठोकायची नाही.

घाई केली की लाकूड फसवतं

सोयाबीन ओलं पोत्यात भरलं तर काय होतं ते सांगायला नको. लाकडाचंही तेच. कोब्यात ओल राहिली आणि वर लाकूड चिकटवलं, की पाईप तापल्यावर ती सगळी वाफ लाकडात शिरते. फळ्या फुगतात, कडा वर येतात, गोंद सुटतो. पुढे हिवाळ्यात हवा कोरडी झाली की त्याच फळ्या आकसून फटी पडतात.

म्हणून कोबा टाकल्यावर ठरलेले दिवस थांबतात. सिमेंटचा कोबा असेल तर किमान २१ दिवस, कॅल्शियम सल्फेटचा असेल तर किमान ७ दिवस हीटिंग चालू करत नाहीत. नंतर ३ दिवस २५ अंशाचं पाणी आणि त्यापुढे ४ दिवस ठरलेल्या कमाल तापमानाचं पाणी फिरवतात. ही झाली पाईप आणि कोब्याची चाचणी. कोबा पूर्ण वाळवण्यासाठी त्यानंतरही हीटिंग चालवावं लागतं. कोणत्या दिवशी किती तापमान होतं ते कागदावर लिहून त्यावर सह्या होतात.

हात लावून ओल कळत नाही. कोब्याचा तुकडा काढून, कुटून, कॅल्शियम कार्बाइडबरोबर लोखंडी बाटलीत हलवतात. ओल असेल तेवढा गॅस होतो आणि काटा टक्के दाखवतो. पाईप असलेल्या सिमेंटच्या कोब्यात हा आकडा १.८ टक्के किंवा खाली, कॅल्शियम सल्फेटच्या कोब्यात ०.५ टक्के किंवा खाली आल्याशिवाय पार्केट बसवत नाहीत. काही कंपन्या याहून कडक आकडा सांगतात. तुकडा कुठून काढायचा ती जागा हीटिंगवाल्याने आधीच खूण करून ठेवायची असते, नाहीतर छिन्नी पाईपवर बसते.

लाकूड कोणतं?

ओक लाकूड शांत समजलं जातं. बीच आणि मेपल ओलाव्याने लवकर हलतात, म्हणून ते इथे टाळतात किंवा फार जपून वापरतात. एकसंध रुंद फळीपेक्षा थर चिकटवून केलेलं लाकूड बरं. ओकची १५ मिमी फळी उष्णता चांगली सोडते. फरशीचा सगळा मिळून उष्णतारोध ०.१५ च्या वर जाऊ नये असा नियम पाळतात. जाड फळी, खाली फोम, वर जाड गालिचा असं केलं तर खोली तापत नाही आणि बिल मात्र वाढतं. फळी पूर्ण गोंद लावून कोब्याला चिकटवली तर उष्णता चांगली चढते. भिंतीलगत १० ते १५ मिमी फट सोडून ती स्कर्टिंगने झाकतात. घरात हवेची आर्द्रता ४० ते ६० टक्के ठेवायला सांगतात.

जबाबदारी कुणाची?

आपल्याकडे एकच ठेकेदार सगळं बघतो. जर्मनीत हीटिंगवाला, कोबावाला आणि पार्केटवाला हे तीन वेगळे कारागीर असतात. आधीच्या कारागिराचं काम तपासणं हे पुढच्याचं काम. कोबा ओला असेल किंवा तापवल्याचा कागद मिळाला नसेल, तर पार्केटवाल्याने लेखी हरकत द्यायची असते. 'साहेब म्हणाले म्हणून बसवलं' हे तिथे चालत नाही. हरकत न देता काम केलं आणि फरशी उचलली, तर खर्च त्याच्या अंगावर येऊ शकतो. जाणाऱ्या मुलाने हत्यारं चालवण्याइतकंच मोजणं, लिहून ठेवणं आणि वेळेवर 'नाही' म्हणणंही शिकून जावं.

जाण्याआधी इथे काय शिकता येईल?

- प्लंबिंगवाल्यांनी प्रेशर टेस्ट स्वतः घेऊन तिची नोंद ठेवायची सवय लावावी.
- गवंड्यांनी लेव्हल पट्टीने कोबा तपासायला शिकावं. खाली-वर कोब्यावर पार्केट बसत नाही.
- सुतारांनी लाकडाची ओल मोजायचं यंत्र हाताळावं.
- सगळ्यांनी मापांचे आणि हत्यारांचे जर्मन शब्द पाठ करावेत. साइटवर सूचना त्याच भाषेत मिळतात.