दस्त्यातली नळी

परळी-बीड रस्त्यावरच्या सिरसाळ्यात बंदूक दिसली तर ती दोघांपैकी एकाकडे असते: बंदोबस्ताला आलेल्या पोलिसाच्या खांद्यावर, नाहीतर परवानाधारकाच्या कमरेला. २०२४ च्या अखेरीपासून या दुसऱ्या प्रकाराची राज्यभर चर्चा झाली. बीड जिल्ह्यात बाराशेच्या वर परवाने असल्याचं निघालं आणि त्यातले अनेक रद्दही झाले. त्या गदारोळात पहिल्याकडे कोणी पाहिलं नाही. पोलिसाची ती एसएलआर रायफल, लाकडी दस्त्याची, उंचीला शिपायाच्या छातीपर्यंत येणारी. तिच्या दस्त्याच्या पोटात एक नळी आहे आणि नळीत स्प्रिंग. जगातल्या एका फार खपाच्या वस्तूची ही चुलत बहीण.

ती खपाची वस्तू म्हणजे अमेरिकी घडणीच्या रायफलींची बफर नळी. तिकडे तिचा संच दुकानात मिळतो: नळी, स्प्रिंग, बफर नावाचा दट्ट्या, एक चकती आणि खाचांचा नट. स्वस्त संच आणि त्याच्या कितीतरी पट महाग संच एकाच फळीवर असतात, दिसायला जुळे. सिरसाळ्यातच काय, पुण्या-मुंबईतही असा संच कोणी विकत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचा सुटा भागही शस्त्रातच मोजला आहे. तरी दोन संचांतला फरक कुठे आहे हे समजून घेण्यासारखं आहे, कारण डोळ्यांना तो दिसत नाही.

आधी नळी तिथे गेली कशी ते पाहू. आपोआप भरणाऱ्या बंदुकीत गोळी सुटली की आतला लोखंडी गोळा मागे येतो, रिकामं काडतूस बाहेर फेकतो, आणि स्प्रिंगने त्याला परत पुढे ढकलायचं असतं. ही स्प्रिंग ठेवायची कुठे? बॅरलजवळ ठेवली तर तापून तिचा ताण मरतो. गाभ्यातच, म्हणजे बॅरल आणि दस्ता यांच्या मधल्या भागात बसवली तर बंदूक लांबते. दस्ता मात्र थंड असतो, आणि खांद्याला टेकायला तो लागतोच. चेकोस्लोव्हाकियात व्हाक्लाव होलेकने १९२० च्या दशकात बेतलेल्या झेडबी २६ या मशीनगनने स्प्रिंग दस्त्यात नेली. तिच्याच वंशातली ब्रेन मशीनगन. ब्रनो आणि एनफिल्ड या दोन गावांच्या नावांची सुरुवातीची अक्षरं जोडून तिचं नाव झालं. पुढे ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी बदललेली तिची आवृत्ती आपल्याकडे एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, म्हणून वर्षानुवर्षं राहिली.

मग बेल्जियममध्ये द्यूदोने सेव्हने एफएएल रायफल केली. १९६२ च्या युद्धानंतर आपण इशापूरच्या रायफल कारखान्यात काढली ती एसएलआर त्याच घराण्यातली. पुण्याची एआरडीई ही शस्त्रसंशोधन संस्था १९५८ मध्ये उभी राहिली होती. परदेशी नमुने उघडून त्यांच्यावरून भारतीय एसएलआर बेतण्याचं काम तिच्याकडे आलं. या रायफलीच्या सरकत्या गोळ्याला मागे एक लांब शेपूट असतं. ते दस्त्यातल्या नळीत शिरतं आणि स्प्रिंग दाबतं. सोय चांगली, पण एक अडचण आहे. अशा बंदुकीचा दस्ता दुमडता येत नाही. पॅराशूटधारी सैनिकांसाठी एफएएलची दुमडणारी आवृत्ती करताना स्प्रिंग दस्त्यातून काढून वरच्या झाकणाखाली न्यावी लागली. एआरडीईने पुढे बेतलेल्या इन्सास रायफलीतही स्प्रिंग गाभ्यातच आहे, म्हणून तिची दुमडत्या दस्त्याची आवृत्ती निघू शकली.

बफर नळीचा खरा संसार मांडला तो यूजीन स्टोनरने. १९५० च्या दशकात तो आर्मालाइटमध्ये होता, आणि ही कंपनी फेअरचाइल्ड या विमान कंपनीची शाखा. विमानवाल्यांना वजन नको असतं आणि अॅल्युमिनियमची भीती नसते. स्टोनरने बोल्टची, म्हणजे सरकत्या गोळ्याच्या पुढच्या टोकाची, कुलुपं थेट बॅरलच्या मागच्या टोकात अडकवली. त्यामुळे गाभ्यावर स्फोटाचा ताण येईना आणि तो अॅल्युमिनियमचा करता आला. दस्ता त्याने बॅरलच्या सरळ रेषेत ठेवला, म्हणजे धक्का सरळ खांद्यात जाईल आणि तोंड वर उसळणार नाही. दस्ता एवढा वर आल्यावर नेम धरायच्या खुणाही उंच करणं भाग पडलं. आता सरकता गोळा मागे येणार तो थेट दस्त्यातच. सायकलच्या पंपात दट्ट्या मागे-पुढे होतो तसा नळीत बफर. स्टोनरचा पेटंट अर्ज १९५६ चा, मंजुरी १९६० ची.

बफरकडे पहिल्यांदा कोणी गांभीर्याने पाहिलं नाही. तो स्प्रिंगला वाट दाखवणारा एक तुकडा होता, एवढंच. मग व्हिएतनामात स्टोनरच्या रायफली, म्हणजे एम १६, अडकू लागल्या. काडतुसातली दारू बदलली होती. नव्या दारूने रायफल फार वेगाने चालायची, आणि पुढे आदळलेला गोळा उसळी खाऊन किंचित मागे यायचा. जवान मेले, अमेरिकी काँग्रेसच्या समितीने १९६७ मध्ये चौकशी केली. उपाय अनेक झाले, पण त्यांतला नव्या बफरचा उपाय मला सगळ्यात देखणा वाटतो. पोकळ बफरमध्ये सुट्या लोखंडी वजनांची माळ, मधे रबराच्या चकत्या. गोळा पुढे आदळतो तेव्हा ही वजनं क्षणभर मागाहून येऊन त्याच्या पाठीत बसतात आणि उसळी मारून टाकतात. नवा यांत्रिक भाग एकही नाही, नुसती वजनांना दिलेली मोकळीक.

स्वस्त-महागाचा पहिला हिशेब इथेच आहे. लांब रायफलीच्या बफरचं वजन सुमारे १४७ ग्रॅम. एम १६ बनवणाऱ्या कोल्टने आखूड कार्बाइन काढली, तिचा दस्ता पुढे-मागे सरकणारा, म्हणून नळी आखूड आणि बफर फक्त ८५ ग्रॅमचा. पण आखूड बॅरलची बंदूक उलट जास्त दणक्याने चालते. तिला वजनदार बफर हवा आणि जागा तर कमी. मग आतल्या तीन लोखंडी वजनांपैकी एक, दोन किंवा तिन्ही टंगस्टनची करतात. बाहेरून मोजाल तर लांबी-जाडी तीच, पण वजन १०८, १३० किंवा १५३ ग्रॅम. महाग बफरची किंमत बरीचशी या टंगस्टनची असते. ती वाजवी आहे असं माझं मत.

दुसरा हिशेब नळीच्या धातूचा, आणि तिथे गोष्ट थेट विमानांकडे परतते. १९०६ मध्ये बर्लिनजवळ आल्फ्रेड विल्मला आढळलं की तांबं-मॅग्नेशियम घातलेलं अॅल्युमिनियम तापवून विझवलं आणि नुसतं पडू दिलं तर काही दिवसांत आपोआप कडक होतं. त्यातून ड्युरालुमिन झालं. जपानच्या सुमितोमोने १९३० च्या दशकात जस्ताचं प्रमाण वाढवून त्याहून कणखर मिश्रधातू गुपचूप तयार केला, तो झिरो लढाऊ विमानांत गेला. अमेरिकेच्या अल्कोआने १९४३ मध्ये त्याचाच जोडीदार काढला. तोच ७०७५. महाग नळी याची. स्वस्त नळी बहुतेक ६०६१ ची, म्हणजे मॅग्नेशियम-सिलिकॉनवाल्या साध्या, कुठल्याही कामाला चालणाऱ्या धातूची. पहिल्याला कायमचा बाक यायला दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट ताण लागतो. मात्र ७०७५ गंजाला हळवा आहे, त्यावर अॅनोडायझिंगचा थर चांगला नसला तर तो महाग माल लवकर नासतो. असल्या धातूंची आपल्याला सवय नाही असंही नाही. नागपूरच्या अंबाझरी आयुध निर्माणीत अनेक दशकांपासून अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंचं काम चालतं.

तिसरा फरक आट्यांचा. वाळूजच्या किंवा चाकणच्या कारखान्यात बोल्टच्या मशीनवर उभा राहिलेला बीडचा कुठलाही पोरगा तो समजावून सांगेल. आटे दोन तऱ्हांनी पाडतात. लेथवर धातू कापून, नाहीतर दोन साच्यांमध्ये दाबून. दाबताना धातू कापला जात नाही, त्याचे धागे आट्याच्या वळणाने वळतात आणि बाहेर उचलले जातात. लष्करी आराखड्याप्रमाणे केलेल्या नळीचं अंग २९.१६ मिलिमीटर, आणि आटे त्याच्याहून वर आलेले. कापून आटे पाडायचे तर मुळातच जाड नळी घ्यावी लागते, म्हणून बाजारी नळीचं अंग २९.६७ मिलिमीटर, आणि तरीही आट्यांची शिखरं थोडी बोथट. दोन्ही नळ्या रायफलीत बसतात, पण एकीचा दस्ता दुसरीवर नीट बसत नाही, एकतर डगडगतो नाहीतर चढतच नाही. स्टोनरच्या पेटंटची मुदत १९७७ मध्ये संपल्यावर ही रायफल कोणालाही करता येऊ लागली आणि बाजारी माप रूढ झालं. अर्ध्या मिलिमीटरची ही भाऊबंदकी अजून मिटलेली नाही.

मग स्वस्त नळी वाईट का? गोळी झाडल्याने नळीवर येणारा ताण फार नसतो. रविवारी निशाण्यावर पन्नास गोळ्या मारणाऱ्याला ६०६१ ची नळी जन्मभर पुरेल. नळी वाकते ती बंदुकीचा सोटा केल्यावर: दस्त्याने दार ठोकलं, खडकावर अंगाखाली घेऊन पडलं, किंवा अडकलेलं काडतूस सोडवायला दस्ता जमिनीवर आपटला. हे सगळं सैनिक करतो. नळी वाकली की गोळा मागे येत नाही आणि बंदूक तिथेच थांबते, वर स्प्रिंग नळीतच असल्याने दस्त्याशिवायही चालवता येत नाही. एके-४७ चा दस्ता मोडला तरी ती चालते.

आपल्याकडे हा प्रश्न आता पुस्तकी राहिलेला नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारताने ७२,४०० एसआयजी ७१६ रायफली मागवल्या, २०२४ मध्ये आणखी ७३,०००. स्टोनरच्याच घराण्यातल्या. प्रत्येकीला ही नळी आहे आणि तिच्यावर पुढे-मागे सरकणारा दस्ता. लडाखमध्ये जाड कोट घातलेल्या जवानाला दस्ता दोन खाचा आत घेता येतो. लाकडी दस्त्याच्या एसएलआरमध्ये ही सोय नव्हती.

सुटे भाग यापुढे वर्षानुवर्षं लागतील, आणि सरकारी खरेदीत सगळ्यात कमी दराची निविदा पुढे सरकते. म्हणून कागदावर धातूचा क्रमांक, आटे दाबून की कापून, अॅनोडायझिंगची जाडी आणि बफरमधल्या वजनांचा धातू एवढं स्पष्ट लिहिलेलं असावं, नाहीतर दोन्ही संच एकसारखेच दिसतील. एक गोष्ट मात्र कुठल्याच संचात मिळत नाही. खाचांचा नट कसल्यावर चकतीची कडा पंच मारून खाचेत दाबावी लागते. हे केलं नाही तर महागड्या ७०७५ च्या नळीचाही नट गोळ्यांच्या हादऱ्यांनी हळूहळू सुटतो आणि नळी फिरू लागते.