नोंदवहीच्या दोन ओळींमधले आयुष्य

धर्मग्रामाच्या नोंदवहीत श्रद्धावंताच्या आयुष्याचे तीन टप्पे उतरतात: स्नानसंस्कार, विवाह आणि दफन. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ साली विवाहांची नोंदवही ठेवणे धर्मगुरूंना बंधनकारक केले. अशा शिस्तीमुळे असंख्य सामान्य माणसांची नावे विस्मृतीतून वाचली. परंतु नोंदवही तारीख सांगते, माणूस सांगत नाही. पहिल्या आणि शेवटच्या ओळीमधले सत्तर-ऐंशी वर्षांचे कष्ट, हर्ष आणि शोक केवळ माणसांच्या तोंडी असतात व माणसाबरोबरच मातीआड होतात.

ही वाणी जपण्याचा विचार ख्रिस्तसभेला नवा नाही. प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून आलेल्या हकिकतींचा आपण कसून शोध घेतला, असे संत लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच सांगतो. दुसऱ्या शतकातील हिएरापोलिसचे बिशप पापियास हे प्रेषितांच्या सहवासातील वडीलधाऱ्यांना भेटलेला कोणी आला, की त्याची आस्थेने विचारपूस करीत. ग्रंथांपेक्षा जिवंत वाणीचा आपणास अधिक लाभ होतो, हे त्यांचे मत इतिहासकार युसेबियसने नोंदवून ठेवले आहे. विद्यापीठांनी हा मार्ग पत्करला तो पुष्कळ उशिरा. अ‍ॅलन नेव्हिन्स यांनी न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मुलाखतींतून मौखिक इतिहास जमविण्याचे काम सुरू केले, ते १९४८ साली.

यावर कोणी म्हणेल, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींचा काय भरवसा? शंका रास्त आहे. इटलीतील तेर्नी या पोलादनगरीत १७ मार्च १९४९ रोजी नाटो कराराविरुद्धच्या निदर्शनात लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार पोलिसांच्या गोळीबारात ठार झाला. पुढे अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने तेथील कामगारांना बोलते केले, तेव्हा अनेकांनी हा मृत्यू १९५३ सालच्या कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात घडल्याचे सांगितले. तारीख चुकली, पण कामगारांच्या मनावरची सर्वांत खोल जखम कोणती, हे त्या चुकीनेच उघड केले. म्हणून आजीचे साल चुकले तर तिला अडवू नये. साल नोंदवहीत पडताळता येते. तिच्या मनातले मात्र तिच्यावाचून कोण सांगणार?

विचारणारा भेटला की काय घडते, याचे मराठीतील ठळक उदाहरण म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. रेव्हरंड टिळकांच्या चरित्रासाठी मुलाने आईकडे आठवणी मागितल्या. शाळेची पायरी न चढलेल्या त्या माउलीची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली आणि मराठी साहित्य श्रीमंत झाले.

आमच्या वसईतही असे धन घरोघरी आहे. बावखलाच्या काठची वाडी आणि बैलांचा रहाट, मुंबईच्या बाजारात भाजी व फुले नेणाऱ्या बायकांची पहाट, सुकेळी वाळविण्याची रीत हे सारे अनुभवलेली पिढी आता थकली आहे. द्वितीय व्हॅटिकन परिषद १९६५ साली संपली. त्यापूर्वीची लॅटिन मिस्सा समजत्या वयात ऐकलेली माणसे आज सत्तरीच्या पुढे आहेत. प्रार्थना मातृभाषेत प्रथम कानी पडली तेव्हा त्यांना काय वाटले, हे कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

काम अवघड नाही. आज मोबाइलवरही ध्वनिमुद्रण होते. मात्र प्रथम परवानगी घ्यावी. ‘तुमचे जीवन कसे होते?’ असे मोघम विचारू नये. ‘माहेरच्या स्वयंपाकघरात काय काय होते?’ असे विचारावे. सामवेदी किंवा वाडवळी बोलणाऱ्याचे शब्द प्रमाण मराठीत घोटून गुळगुळीत करू नयेत. बोलीही त्या माणसाबरोबरच चालली आहे. घरातील कलह, कर्ज, अकाली गेलेले मूल अशा विषयांपाशी आवाज थांबला तर आपणही थांबावे. सांगणाऱ्याने ‘हे लिहू नका’ म्हटले तर तो शब्द पाळावा. लिहून झाल्यावर ते त्यांना वाचून दाखवावे आणि तारीख, गाव व सांगणाऱ्याचे नाव घालून एक प्रत घरात जपावी.

वाचकहो, दफनाच्या दिवशी आम्ही धर्मगुरू मृताविषयी चार शब्द बोलतो. ते बहुधा घरच्यांना विचारूनच जुळवलेले असतात, आणि पुष्कळदा घरच्यांनाही चारच शब्द ठाऊक असतात. येत्या रविवारी मिस्सेनंतर आपल्या घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीजवळ तासभर बसा व एक प्रश्न विचारा. नोंदवहीतील अखेरची ओळ आम्हांला लिहावीच लागेल. तिच्या आधीचे पान तुम्ही लिहा.