वाळूवरचा डोंगर

समुद्रकाठी ओहोटीच्या वेळी अनवाणी उभे राहण्याची मौज ज्याने लहानपणी अनुभवली असेल, त्याला या लेखाचा विषय अर्धा समजलाच आहे. लाट पायांवरून मागे फिरते, जाताजाता टाचांखालची वाळू ओढून नेते, आणि आपण जागचे न हलताही खाली खाली जाऊ लागतो. आपले वजन वाढलेले नसते, कोणी धक्का दिलेला नसतो. आधार तेवढा निघून गेलेला असतो. खाऱ्या पाण्याच्या काचपेटीत खडकांचा डोंगर रचणाऱ्या माणसाला हाच धडा पुन्हा पुन्हा गिरवावा लागला आहे. तो देणारे गुरुजीही मोठे गमतीचे! वाळूत बिळे करणारे बोटभर लांबीचे जीव.

समुद्र घरात आणण्याचा छंद तसा फार जुना नव्हे. १८४६ साली ॲना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आपल्या घरी नेले. पाणी शिळे होऊ नये म्हणून त्यांची मोलकरीण ते उघड्या खिडकीशी उभी राहून अर्धा-पाऊण तास या भांड्यातून त्या भांड्यात ओतीत असे. पुढे रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने मासे, गोगलगायी आणि पाणवनस्पती एकत्र ठेवून दाखवले की, त्यांचे प्रमाण जुळले तर पाणी पुष्कळ दिवस टिकते. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यगृह उघडले. दुसऱ्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचा ‘द ॲक्वेरियम’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि हा शब्द व हा छंद दोन्ही इंग्लंडभर पसरले.

त्या काळच्या पेट्यांची चित्रे पाहिली म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. पाणी जिवंत ठेवण्याचे काम वनस्पतींकडे होते. खडक होते ते मुख्यतः शोभेचे. कमानी, गुहा, सुळके अशी त्यांची नटवी मांडणी असे. दिवाळीत आपली मुले मातीचे किल्ले करतात, त्यांचीच ही विलायती भावंडे म्हणा ना! किल्ला बुरुजांनी शोभतो, पण उभा राहतो पायावर; आणि पाया कोणी चित्रात काढीत नाही.

पायाखाली काय चालते, हे त्याच इंग्लंडात एका थोर माणसाने शोधून काढले. मात्र पाण्यात नव्हे, जमिनीवर. १८७७ साली चार्ल्स डार्विन स्टोनहेंज येथील प्राचीन शिळा पाहावयास गेले. पडलेल्या शिळा जमिनीत रुतल्या होत्या. हे काम गांडुळांचे, असे त्यांनी दाखवून दिले. गांडूळ खालची माती वर आणून टाकते, खाली पोकळी राहते, ती ढासळते, आणि शिळा तसूतसूने खाली बसते. डार्विन यांच्या घराजवळच्या एका शेतात १८४२ साली खडूचे तुकडे पसरले होते. १८७१ साली तेथे चर खणला, तेव्हा तोच थर सात इंच खाली सापडला. १८८१ सालच्या त्यांच्या गांडुळांवरील ग्रंथात हा सारा हिशेब आहे.

शेतात ज्याला एकोणतीस वर्षे लागली, त्याला काचपेटीत एक रात्र पुरते. फरक तेवढाच, न्याय एकच.

आता यात प्राणाशी गाठ केव्हा पडली ते पाहा. आपल्याकडे १९५१ साली मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि हजारो लोकांनी समुद्राचा तळ काचेतून पाहिला. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६१ साली, जाकार्ताचे ली चिन एंग यांनी खारे पाणी राखण्याची आपली रीत प्रसिद्ध केली. समुद्रातले सच्छिद्र प्रवाळखडक त्यांतील सूक्ष्म जीवांसह जिवंतच पेटीत ठेवावेत, हवेचे थोडे बुडबुडे सोडावेत, बाकीची सफाई खडकच करतील, असे त्यांचे म्हणणे होते. खडकातील जिवाणू माशांच्या मलमूत्रातून येणारे अमोनियाचे विष निकामी करतात. पुढे बर्लिनच्या छांदिष्टांनीही हाच मार्ग धरला. काल शोभेचा असलेला खडक अशा रीतीने पेटीचे मूत्रपिंड झाला. साहजिकच तो मूठभर न राहता ढिगाने येऊ लागला, आणि वाळूवर खरोखरीचा डोंगर उभा राहिला.

त्या डोंगराखाली आता आपली पिस्तूल-कोळंबी सोडा. हिची एक नांगी दुसरीहून कितीतरी मोठी. ती मिटताच पाण्यात एक बुडबुडा होऊन फुटतो आणि फटाक्यासारखा आवाज येतो. दृष्टी अधू, म्हणून गोबी नावाच्या लहानशा माशाशी हिची भागीदारी. हा गोबी आपल्या खाडीतल्या निवटीचा नातलग. कोळंबी दिवसभर बीळ उपसते, मासा दाराशी पहारा करतो, आणि कोळंबीची मिशी त्याच्या अंगाला लागलेली असते. माशाने शेपूट हलवली की दोघेही आत! बीळ करण्यास हिला खडकाखालचीच जागा आवडते, कारण तेथे छप्पर आयते मिळते. आपण ज्याला पाया समजतो, ते तिच्या घराचे आढे असते.

वाळूचाही एक स्वभाव आहे. सुट्या वाळूचा उतार सुमारे तीस अंशांहून फार चढा राहत नाही. म्हणजे आठ सेंटिमीटर खोल खड्डा पडला, तर त्याच्या काठापासून सुमारे चौदा सेंटिमीटरपर्यंतची वाळू घसरू शकते. खड्डा खडकापासून दूर आहे, एवढ्यावर निश्चिंत राहण्यात अर्थ नाही. वजनाचेही तसेच. दहा किलोचा भरीव चुनखडक खाऱ्या पाण्यात जेमतेम सव्वासहा किलोचा भरतो. पाणी बदलण्यासाठी पेटी उपसली की तो पुन्हा दहा किलोचा होतो, आणि कालपर्यंत तोल सांभाळून असलेला ढीग नेमका त्याच वेळी बसतो. मग काच तडकते, किंवा ज्याने बीळ केले तोच बिचारा आपल्या घरात गाडला जातो.

यावर उपाय मोठा साधा आहे: आधी खडक, मग वाळू. सर्वांत खालचे खडक पेटीच्या तळावरच टेकवावेत. काचेला टोक रुतू नये म्हणून मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पत्रा घालावा. तीन ठिकाणी टेकलेला दगड डुगडुगत नाही, हे आपल्या आयाआज्यांना चुलीच्या तीन दगडांनी केव्हाच शिकवले होते. रुंद खाली, हलके वर. भार बाजूच्या काचेवर मुळीच नको. जेथे जोड कच्चा वाटेल तेथे भोक पाडून ॲक्रिलिकची कांडी बसवावी, किंवा पाण्यात घट्ट होणारी इपॉक्सीची लुगदी भरावी. पाणी ओतण्यापूर्वी रचना हाताने हलवून पाहावी. हे सारे झाल्यावर वाळू घालावी, आणि तीत शिंपल्यांचे व प्रवाळांचे तुकडे मिसळावेत. कोळंबी त्यांनी आपल्या बिळाच्या भिंती सावरते. मग तिने हवे तितके उकरावे. वाळू जाईल, खडक जागचा हलणार नाही.

वाचक म्हणतील, त्यापेक्षा बिळे करणारे प्राणी ठेवूच नयेत! पुष्कळांनी तोही मार्ग पत्करला. पण बीळ करणे ही त्या जीवाची खोड नव्हे, तो त्याचा संसार आहे. वाळू काढून घेतलेली कोळंबी म्हणजे माग काढून घेतलेला विणकरच.

गॉस यांच्या चिरंजिवांनी, एडमंड गॉस यांनी, १९०७ साली बापलेकांच्या आठवणी लिहिल्या. आपल्या वडिलांच्या पुस्तकांमुळे छांदिष्टांच्या झुंडी इंग्लंडच्या किनाऱ्यावर लोटल्या आणि खडकांतली भरलेली डबकी ओरबाडून ओसाड झाली, याची खंत त्यांनी तेथे नोंदवली आहे. वडिलांनाही त्याचे दुःख होते. समुद्रातून एक जीव उचलून घरी आणला म्हणजे आपण काय पत्करतो, याचा विचार त्या पिढीला उशिरा सुचला.

म्हणून खडक पक्का बसवणे ही केवळ कारागिरीची बाब नव्हे. परक्याला आपल्या घरात आणून ठेवले, तर त्याच्या डोक्यावरचे छप्पर कोसळणार नाही एवढी हमी यजमानाने द्यावयास हवी. रात्री दिवे मालवल्यावर पेटीतून कोळंबीचा टाळीसारखा आवाज येतो. तो ऐकून ज्याला खडकाची धास्ती न वाटता निवांत झोप लागते, त्याने पाया नीट घातला असे समजावे.