हिरव्या हायड्राची साखर

शाळेच्या पुस्तकात हायड्रा मुकुलायनापुरता येतो. कॉलेजात त्याचा इतिहास कात्रीपाशी सुरू होतो आणि तिथंच संपतो. प्राणिशास्त्र शिकवण्यात माझी उभी हयात गेली, म्हणून हक्कानं सांगते: मूळ प्रश्न कात्रीचा नव्हता, रंगाचा होता.

1740 साली हेगजवळच्या सोर्गव्लीट इथं अब्राहम ट्रेंबले हा जिनिव्हाचा तरुण काउंट बेंटिंकच्या दोन मुलांना शिकवायला होता. पाणवनस्पतींबरोबर त्याच्या बरणीत काही बारकेसे हिरवे जीव आले. हिरवे, म्हणून त्याला ती झाडंच वाटली. पण ती हात हलवत होती! बरणीच्या उजेडाकडच्या अंगाला गोळा होत होती. बरणी फिरवून ठेवली, तर पुन्हा सरकत उजेडाकडे. मग झाड की प्राणी? कापल्यावर दोन्ही तुकडे वाढले तर झाड, असा हिशोब करून 25 नोव्हेंबरला त्यानं एकाचे दोन केले. दोन्ही वाढले. गंमत अशी की हिशोबानं ते झाड ठरायला हवं होतं. त्यांचं चालणं आणि भक्ष्य गिळणं पाहून ट्रेंबलेनं निकाल प्राण्याच्या बाजूनं दिला. 1743 मध्ये रॉयल सोसायटीनं त्याला कोप्ली पदक दिलं. कात्री अजरामर झाली, रंग मागे पडला.

1881 मध्ये कार्ल ब्रांट या जर्मन शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की असल्या प्राण्यांचा हिरवा रंग त्यांचा स्वतःचा नसतोच, तो त्यांच्या पेशींत राहणाऱ्या शैवालाचा. क्लोरेलाच्या गोतातलं हे शैवाल. भाडेकरू म्हणावा, तर तो भाडं काय देतो?

ते कळायला 1960चं दशक उजाडलं. अमेरिकेत लेनर्ड मस्कॅटिननं किरणोत्सारी कार्बन वापरून पाहिलं, तेव्हा शैवालानं उजेडात पकडलेला कार्बन हायड्राच्या ऊतींत उतरलेला सापडला. पुढे त्यानं शैवाल हायड्रातून वेगळं काढून नुसत्या द्रावणात ठेवलं. द्रावणात साखर उतरली: माल्टोज, म्हणजे ग्लुकोजच्या दोन रेणूंची जोडी. 1969 मध्ये ऑक्सफर्डच्या डेव्हिड स्मिथबरोबरच्या निबंधात याचा तपशील आला. द्रावणाचा सामू 4-5च्या आसपास, म्हणजे चांगलं आम्ल असेल, तर साखर भरपूर सुटते. सामू 7कडे सरकला की हात आखडतो.

यावरून डबक्याचं पाणी आंबट केलं की झालं, असा सोयीचा अर्थ कुणी काढू नये. प्रत्येक शैवालपेशी हायड्राच्या पचनपेशीत आपल्या स्वतंत्र रिक्तिकेत असते. तिच्या वाट्याला येणारं पाणी यजमानानं राखलेलं. तिथल्या आम्लतेवर यजमान साखरेचा ओघ सांभाळत असावा, अशी अटकळ शास्त्रज्ञांनी बांधली, आणि मला ती पटते.

प्राध्यापक मंडळींना विनंती एवढीच: फळ्यावर हिरव्या हायड्राची आकृती काढाल, तेव्हा आतल्या थरात हिरव्या खडूचे ठिपके द्या, आणि कात्रीची गोष्ट झाल्यावर माल्टोजचीही सांगा.