नक्कल, रुजुवात आणि नाश : खारदांड्यातील एका गृहसंगणकाच्या निमित्ताने

प्रस्तुत टिपणाचा विषय प्रथमदर्शनी या पत्रिकेस शोभणारा वाटणार नाही. घरच्या संगणकावर फाईलींच्या नकला होण्यास आणि नको असलेल्या फाईली पुसल्या जाण्यास फार वेळ लागतो, ही तक्रार दुरुस्ती करणाऱ्याच्या दुकानातली. इतिहासाच्या अभ्यासकाने तीत काय पाहावयाचे, असा प्रश्न कोणीही विचारील. परंतु ज्यांचा व्यवसायच मुळी नकलांवर चालतो, त्यांनी नक्कल कशी होते, ती पुरी झाली असे केव्हा म्हणावयाचे आणि मूळ नष्ट करण्याचा अधिकार कोणत्या क्षणी प्राप्त होतो, या प्रश्नांकडे पाठ फिरविणे बरे नव्हे. मंदपणाच्या या तक्रारीलाही एक इतिहास आहे. तो फार जुना नाही. पण त्याचे काही धागे आपल्या दफ्तरखान्याच्या परंपरेपर्यंत नेऊन भिडविता येतात.

जुन्या मराठी दफ्तरात नकलेला तालीक म्हणत. तालीक उतरून झाली म्हणजे काम संपले, असे कोणताही शहाणा कारकून मानीत नसे. मूळ कागद आणि तालीक एकमेकांशी ताडून पाहावयाची, म्हणजे मुकाबला करावयाचा, आणि मग तीवर ‘रुजू’ असा शेरा पडावयाचा. हा शेरा नसलेली नक्कल केवळ लिहिलेला कागद होय. तिच्यावर हक्क सांगता येत नसे. नकलेचा खरा खर्च हा असा दुहेरी असतो, एक उतरण्याचा आणि दुसरा ताडण्याचा. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढणाऱ्या राजवाड्यांना 1898 च्या पहिल्या खंडापासून याच कष्टातून जावे लागले. पुढे 1930 पासूनच्या चारपाच वर्षांत गोविंद सखाराम सरदेसायांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग प्रसिद्ध केले. तेथे ‘निवडक’ हा शब्द हौसेने आलेला नाही. सगळे रुमाल सोडून प्रत्येक कागदाची नक्कल करावयाची तर अनेक आयुष्ये पुरली नसती, म्हणून निवड करावी लागली. नकलेचा वेग काय आहे, यावर पुढच्या पिढीला कोणता इतिहास उपलब्ध होणार हे पुष्कळदा ठरते.

आता खारदांड्याकडे येतो. खार म्हणजे खाऱ्या पाण्याची जमीन आणि दांडा म्हणजे समुद्रात शिरलेली जमिनीची चिंचोळी पट्टी. गावाच्या नावातच त्याचा भूगोल आहे. साष्टी बेटावर आधी पोर्तुगीज, 1737 च्या मोहिमेपासून मराठे आणि 1774 च्या अखेरीपासून इंग्रज अशा तीन सत्ता येऊन गेल्या, आणि तिघांचीही दफ्तरे बेटाबाहेर राहिली. गावातल्या माणसांजवळ जे उरले ते घरगुती कागद: होड्यांचे हिशेब, जाळ्यांच्या उधारीच्या वह्या, घरपट्टीच्या पावत्या, लग्नाच्या याद्या. ते पेटीत, माळ्यावर, देवाच्या फळीमागे असतात. 26 जुलै 2005 रोजी जवळच्या सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्यानंतर आमच्या ओळखीच्या एका कोळी कुटुंबाने भिजलेली पेटी उघडली, तेव्हा वरच्या वह्यांचा लगदा झालेला होता. “काका, खालच्या अजून वाचता येतात, तेवढ्यांचे तरी फोटो काढून ठेवा,” असे त्या घरातील मुलगा म्हणाला. आणि प्रस्तुत लेखकाचे छायाचित्रे जमविण्याचे काम तेथून सुरू झाले.

या कामासाठी जो घरगुती संगणक वापरात होता तो 2007 साली घेतलेला. त्यावर त्या वर्षीच्या 30 जानेवारीला सर्वसामान्यांसाठी विक्रीस आलेली विंडोज व्हिस्टा ही प्रणाली होती. आधीच्या विंडोज एक्सपीवर जी नक्कल झटक्यात होई, तीच आता रेंगाळू लागली. उरलेल्या वेळाचा हिशेब करणारी खिडकी दीर्घकाळ केवळ हिशेबच करीत बसे. पुसण्याचीही तीच गत. जगभर हीच तक्रार त्या वर्षी उठली, आणि ती निराधार नव्हती.

मंदपणाची काही कारणे तबकडीच्या स्वरूपातच आहेत. 1956 मध्ये आयबीएम कंपनीने रॅमॅक या यंत्राबरोबर पहिली फिरती तबकडी बाजारात आणली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या, त्यांवर मिळून पन्नास लक्ष अक्षरे, आणि हवी ती नोंद गाठण्यास सरासरी सहाशे मिलिसेकंद. अर्ध्या शतकानंतर घरगुती तबकडी मिनिटास 7200 फेरे घेऊ लागली, साठवण हजारो पटींनी वाढली; पण वाचणारे टोक एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे आणि तबकडीचा हवा तो भाग खाली येईतो थांबणे, ही दोन कामे राहिलीच. एक फेरा 8.3 मिलिसेकंदांचा, म्हणून सरासरी थांबा त्याच्या निम्मा. टोक हलविण्यास आणखी सुमारे नऊ. म्हणजे एका उडीस तेरा मिलिसेकंद. दहा हजार लहान फाईली असून प्रत्येकीस नाव, नोंद व मजकूर यांसाठी चार उड्या पडल्या असे धरले, तर केवळ उड्यांतच जवळजवळ नऊ मिनिटे जातात. तितक्याच आकाराची एकसंध फाईल काही सेकंदांत उतरते. हजार चिठ्ठ्या आणि एक पोथी यांच्या नकलेतला फरक कारकुनाला सांगावा लागत नाही.

इतर कारणे थोडक्यात सांगतो. विषाणूरोधक कार्यक्रम प्रत्येक फाईल उघडून तपासतो. बाहेरची तबकडी जुन्या यूएसबी जोडणीतून लावली तर सेकंदास 480 ऐवजी 12 मेगाबिट एवढीच वाट मिळते. एक्सपीमध्ये तबकडीशी बोलताना सहा चुका झाल्या की प्रणाली आपण होऊन जुन्या, संथ पद्धतीवर उतरत असे व मालकाला त्याची दादही लागत नसे. आणि तबकडी मरणपंथाला लागली असेल तर ती तोच भाग पुन्हा पुन्हा वाचून पाहते. हा शेवटचा मंदपणा म्हणजे सूचना होय. त्यावर वेगाचा उपाय शोधीत बसू नये, आधी कागद हलवावेत.

व्हिस्टाचे प्रकरण मात्र याहून निराळे आणि अधिक बोधक आहे. मायक्रोसॉफ्टमधील तज्ज्ञ मार्क रुसिनोविच यांनी फेब्रुवारी 1908 नव्हे, 2008 मध्ये (शतकाची अशी चूक आमच्या नकलाकारांनी पूर्वीही केलेली आहे) त्याचा खुलासा लिहून प्रसिद्ध केला. एक्सपीमध्ये नक्कल करताना मजकूर प्रथम संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत ठेवला जाई, आणि तेथून तो सवडीने तबकडीवर उतरे. स्मृतीत शेवटचा तुकडा जाऊन पडला की प्रगती दाखविणारी खिडकी मिटे. मालक समजे की काम झाले; प्रत्यक्षात तबकडीवरचे लेखन मागाहून काही काळ चालूच असे. या पद्धतीचा तोटा असा की, मोठ्या नकलेने स्मृती भरून जाई आणि तेथील उपयुक्त मजकूर बाहेर ढकलला जाई. व्हिस्टाच्या कर्त्यांनी म्हणून लहान फाईली वगळता ही मधली स्मृती टाळून थेट तबकडीवर लिहिण्याचे ठरविले. खिडकी आता खरोखर लेखन संपल्यावर मिटू लागली. काही प्रसंगी नक्कल प्रत्यक्षातही संथ झाली, हे त्या खुलाशात मान्य केलेले आहे. परंतु लोकांच्या अनुभवातील मंदपणाचा एक भाग हा प्रामाणिकपणाचा होता. पूर्वीचा वेग काही अंशी आभास होता आणि नवा मंदपणा काही अंशी सत्यकथन. लोकांना आभासच बरा वाटला, आणि 2008 च्या पहिल्या सेवा-संचात कर्त्यांनी बहुतेक ठिकाणी जुनी पद्धत परत आणली.

येथे दोष कोणाचा हे ठरविण्याची घाई करू नये. तात्पुरत्या स्मृतीची पद्धत चुकीची नाही. तिच्यावाचून रोजचे काम असह्य होईल. आक्षेप आहे तो खिडकी मिटण्याला ‘रुजू’ समजण्यावर.

दरम्यान घरोघरी वैदूपण माजले होते. दूरस्थ भेद-संक्षेप नावाचा एक घटक बंद केला की नकला वेगाने होतात, असा समज सर्वत्र पसरला. वस्तुतः साध्या नकलेत त्या घटकाचा उपयोगच केला जात नव्हता. उलट, संगीत वाजत असताना जाळ्यावरील नक्कल मंदावते ही ऐकताना भोळी वाटणारी तक्रार 2007 मध्ये खरी ठरली. ध्वनी तुटू नये म्हणून प्रणाली जाळ्यावरील पुडक्यांची संख्या सेकंदास दहा हजारांवर जाऊ देत नसे. आख्यायिका आणि साक्ष यांतील भेद केवळ ऐकण्यावरून करता येत नाही, हे आमच्या विद्यार्थ्यांना बखरींच्या संदर्भात आम्ही सांगतोच.

नाशाकडे वळू. फाईल पुसणे म्हणजे मजकूर पुसणे नव्हे. डॉसच्या काळी यादीतील नावाचे पहिले अक्षर बदलून तेथे एक ठरीव खूण केली जाई आणि जागा मोकळी म्हणून नोंदली जाई. मजकूर जागच्या जागी राही. पुढे 1993 मध्ये विंडोज एनटीबरोबर आलेल्या एनटीएफएस या रचनेतही तत्त्व तेच आहे. मग एवढे सोपे काम रेंगाळते का? कारण खिडकी आधी सगळ्या फाईली मोजते, त्यांचा आकार काढते, त्या टोपलीत हलविते, आणि प्रत्येकीची नोंद वेगळी बदलते. आज्ञा-खिडकीतून पूर्ण फोल्डर एका आज्ञेने काढले तर मोजणी व टोपली दोन्ही टळतात आणि वेळ पुष्कळ वाचतो. मात्र चूक झाल्यास टोपलीतून परत आणण्याची सोयही टळते. सरकारी दफ्तरात ‘अ’ वर्गाचे कागद कायम व इतर वर्गांचे मुदतीनंतर नाशयोग्य मानतात, आणि नाशापूर्वी यादी करतात. ती यादी हीच तेथली मोजणी. ती कंटाळवाणी आहे म्हणून कोणी ती टाळत नाही.

आता प्रस्तुत लेखकाचा स्वतःचा प्रमाद सांगणे भाग आहे. 2009 च्या उन्हाळ्यात दांड्यातील छायाचित्रे बाहेरच्या तबकडीवर हलवावयाची होती. वेग वाढावा म्हणून कोणीतरी सुचविल्यावरून त्या तबकडीच्या गुणधर्मांत ‘चटकन काढण्यास सोयीची’ ही निवड बदलून ‘अधिक कार्यक्षम’ ही निवड केली. याचा अर्थ एवढाच की तिच्यासाठीही मजकूर तात्पुरत्या स्मृतीत थांबू लागला, आणि ती तबकडी सुरक्षितपणे सोडविल्यावाचून काढणे धोक्याचे झाले. वेग खरोखर वाढला. शिवाय नकलेऐवजी ‘हलविणे’ हा मार्ग निवडला होता. एका तबकडीवरून दुसरीवर हलविणे म्हणजे नक्कल आणि लगेच मूळ पुसणे, तेही टोपलीस वगळून. खिडकी मिटली, वीज जाण्याची वेळ झाली होती, वायर उपटली.

तीन आठवड्यांनी तबकडी उघडली तेव्हा सर्व नावे जागेवर होती, आकारही बरोबर होते. शेवटच्या 84 फाईली मात्र उघडेनात. नोंद झाली होती, मजकूर उतरलाच नव्हता. यादी पुरी आणि रुमाल रिकामा, अशी अवस्था जुन्या दफ्तरांत अनेकांनी पाहिली असेल.

सुटका झाली ती नाशाच्या अपुरेपणामुळे. घरच्या संगणकावरील मूळ फाईलींची नावे गेली होती, मजकूर तेथेच पडून होता. मोकळी म्हणून नोंदलेली जागा धुंडाळणाऱ्या कार्यक्रमाने 61 प्रतिमा परत काढल्या. उरलेल्यांच्या जागेवर मधल्या तीन आठवड्यांत त्याच संगणकाने दुसरे काहीबाही लिहिले होते. आजच्या फिरती तबकडी नसलेल्या स्मृतिसाधनांत हीही आशा थोडी असते. विंडोज 7 पासून, म्हणजे 2009 पासून, पुसलेली जागा कोणती हे प्रणाली त्या साधनास कळविते, आणि ते साधन आपल्या सवडीने ती खरोखर रिकामी करते.

तेव्हापासून येथे ‘हलविणे’ बंद आहे. नक्कल करावयाची, तबकडी सोडवून पुन्हा जोडावयाची, दोन्हीकडच्या प्रत्येक फाईलीची गणिती ओळख-संख्या काढून ताडावयाची. रिव्हेस्ट यांची 1992 मध्ये प्रसिद्ध झालेली एमडी5 ही पद्धत अपघाती बिघाड पकडण्यापुरती अद्याप चालते. मगच मूळ पुसावयाचे. या मुकाबल्यास नकलेइतकाच वेळ लागतो, कधी अधिकही. फोल्डरच्या नावापुढे तारखेसह ‘रुजू’ लिहितो.

न सापडलेल्या 23 प्रतिमा एकाच वहीच्या होत्या; एका होडीचा सुमारे दोन हंगामांचा हिशेब, खलाशांच्या वाट्यांसह. पुन्हा छायाचित्रे घ्यावीत म्हणून त्या घरी गेलो, तेव्हा घर नव्याने बांधण्यास काढलेले होते. जुनी पेटी मुलाच्या मामांकडे वसईस गेली होती, आणि ती वही पेटीत नव्हती.