टीका आणि संशोधन : एका ग्रंथाची शंभर वर्षांची चिकित्सा

'टीका' हा शब्द आपल्या भाषेत मूळचा कडवट नव्हे. मूळ ग्रंथाचा अर्थ उलगडून दाखविणे यालाच आपले शास्त्री टीका म्हणत. ज्ञानेश्वरांचे गीतेवरील निरूपण ही टीकाच होय. पुढे छापखाने आले, मासिके निघाली, आणि टीका म्हणजे उणे काढणे असा अर्थ रूढ झाला. आज 'अमक्याने तमक्याच्या लेखावर टीका केली' असे कानावर आले की कोणी तरी कोणाला फैलावर घेतले, असेच आपण समजतो. तेव्हा छापून आलेल्या संशोधनाचे किंवा मताचे दोष कसे दाखवावेत, म्हणजे त्यातून ज्ञान वाढेल, नुसते वैर वाढणार नाही, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. त्याचे उत्तर कोरड्या नियमांत शोधण्यापेक्षा आपल्याच इतिहासातील एक उदाहरण घ्यावे असे आम्हांस वाटते.

जेम्स ग्रँट डफ हा १८१८ पासून १८२२ पर्यंत साताऱ्यास इंग्रज सरकारचा प्रतिनिधी होता. एल्फिन्स्टनचे पाठबळ त्याला होते. सरकारी दफ्तर, फारसी तवारिखा, जुन्या घराण्यांतील कागद आणि बखरी त्याने मोठ्या चिकाटीने जमविल्या, आणि १८२६ साली मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत लंडनला प्रसिद्ध केला. लवकरच त्याचे मराठी भाषांतर झाले व 'मराठ्यांची बखर' या नावाने तो आपल्याकडे वाचला जाऊ लागला. राज्य गेलेले, जुनी घराणी विस्कटलेली. अशा काळात आपला इतिहास आपण परक्याच्या लेखणीतून वाचत होतो. तो छापलेला होता, तळटिपांनी भरलेला होता, राज्यकर्त्यांचा होता. त्याला चूक म्हणणार कोण?

म्हणाला तो एक कॉलेजात शिकणारा तरुण. नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७ साली पुण्यातील तरुणांच्या सभेत या ग्रंथावर निबंध वाचला, आणि लगोलग तो 'विविधज्ञानविस्तार' मासिकातून छापून आला. रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. म्हणजे आपल्या इतिहाससंशोधनाचा पहिला हुंकार त्याआधी आठ वर्षे एका सभेतच उमटला होता, हे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. 'हा परका, म्हणून खोटा' एवढ्यावर कीर्तने थांबले नाहीत. ग्रंथाचा आधार काय, ते आधाराचे कागद आज कोठे आहेत, आणि आपल्याकडील साधने त्यात पुरती आली आहेत काय, हे त्यांचे प्रश्न होते. ज्या प्रश्नाचे उत्तर कागद शोधल्यावाचून देता येत नाही, तो विचारला गेला की शोध सुरू होतोच.

आणि तसे झालेही. १८७८ साली 'काव्येतिहाससंग्रह' निघाले. त्यातून बखरी व पत्रे छापून येऊ लागली. १८९८ साली वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. पानिपतच्या आधीच्या दहा-अकरा वर्षांची अस्सल पत्रे त्यात होती, आणि प्रस्तावनेत ग्रँट डफची झडती होती. परंतु राजवाड्यांचा विशेष असा की, ज्या तराजूत त्यांनी परक्याला तोलले त्याच तराजूत आपल्या बखरीही घातल्या. बखर आपली आहे म्हणून तिला सूट नाही. समकालीन पत्र सांगते ते खरे, मागाहून रचलेली कथा नव्हे. पत्रांच्या शोधात ते गावोगाव हिंडले. या मालेचे बावीस खंड झाले, आणि १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. परक्याचे दोष दाखविताना टाळ्या सहज मिळतात. घरचे दोष दाखविताना मिळत नाहीत. टीकाकाराची पारख होते ती या दुसऱ्या ठिकाणी.

न्यायमूर्ती रानड्यांची टीका निराळ्या जातीची. सह्याद्रीच्या रानात वणवा पेटावा तसा मराठ्यांचा उदय झाला, अशी उपमा ग्रँट डफने योजिली होती. तिला रानड्यांनी १९०० सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात उत्तर दिले. त्यांचा वाद एखाद्या तारखेशी नव्हता, कारणमीमांसेशी होता. वणवा आपोआप लागतो व आपोआप विझतो; राज्य तसे उभे राहत नाही. त्यामागे संतांनी केलेली मनाची मशागत होती, समाजाची जुळवाजुळव होती, असे त्यांचे प्रतिपादन होते. तपशील बरोबर असूनही अर्थ चुकू शकतो, हे या टीकेने शिकविले.

तपशिलाचे उदाहरण हवे असेल तर शिवाजीमहाराजांच्या जन्मतिथीचे घ्यावे. ग्रँट डफने १६२७ चा मे महिना दिला; बखरींचा कौलही शके १५४९ कडे होता. पुढे कारीच्या जेधे देशमुखांच्या दफ्तरातली शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अशी तिथी निघाली. अफजलखानाच्या भेटीच्या वेळी महाराज बत्तीस वर्षांचे की एकोणतीस, हे यावर ठरते. एका शकावलीवरून सर्वांनी माना डोलावल्या नाहीत, आणि ते योग्यच झाले. तंजावरास मिळालेले परमानंदाचे 'शिवभारत' स. म. दिवेकरांनी १९२७ साली छापले, त्यातही तीच तिथी. जोधपूरकडे सापडलेली जन्मकुंडलीही तिच्याशी जुळली. महाराष्ट्र शासनाने ही तिथी मान्य केली ती २००१ साली. वाद लांबला खरा; पण तो मिटला तो आवाजाने नव्हे, एकमेकांशी संबंध नसलेल्या साक्षींनी.

आता या कथेची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. ग्रँट डफवर टीका करता करता 'त्याने मूळ कागद जाळून टाकले' असा प्रवाद आपल्यात पसरला. वर्षानुवर्षे तो तोंडोतोंडी चालला. जाळल्याचा पुरावा मात्र कोणी पुढे ठेवला नाही. उलट कित्येक कागदांच्या नकला मुंबईच्या साहित्यसभेत ठेवल्या असल्याची नोंद ग्रँट डफने स्वतःच तळटिपांत केली आहे. ज्याला पुरावा नाहीसा करायचा आहे तो त्याचे ठिकाण कशाला लिहून ठेवील? नकला सापडल्या नाहीत, एवढे म्हणणे संशोधन आहे. त्यापुढे जाऊन जाळल्या म्हणणे ही वदंता आहे. ज्याच्या ग्रंथात आपण पुराव्याची मागणी करतो, त्याच्यावरच पुराव्याशिवाय आरोप करणे हा अन्याय तर खराच. शिवाय आपल्या खऱ्या आक्षेपांचेही वजन त्याने घटते.

आपल्या न्यायशास्त्राची जुनी शिस्त अशी की, आधी पूर्वपक्ष मांडावा, तोही असा की प्रतिपक्षाने 'होय, माझे म्हणणे हेच' असे म्हणावे. मग उत्तरपक्ष सांगावा. एखादा लेख खोडून काढण्यास बसण्यापूर्वी तो पुरता वाचावा, त्याचे बळ कोठे आहे ते मान्य करावे, आक्षेप वाक्यावर घ्यावा, माणसावर घेऊ नये, आणि आपला आधार असा द्यावा की दुसऱ्याला तो तपासता यावा. ग्रँट डफने आपले आधार तळटिपांत नोंदविले, म्हणून त्याच्यावर टीका होऊ शकली. हा त्याच्या ग्रंथाचा गुण आपण प्रांजळपणे मानला पाहिजे.

कीर्तन्यांच्या निबंधातले सर्वच आक्षेप आज कोणी जसेच्या तसे स्वीकारणार नाही, आणि राजवाड्यांचे कित्येक सिद्धांतही पुढच्या अभ्यासकांनी बाजूला ठेवले आहेत. त्याने त्यांची थोरवी उणावत नाही. त्यांच्या टीकेने फडताळांतून आणि माळ्यांवरून हजारो कागद उजेडात आणले, आणि आज त्यांना खोडायचे तरी त्याच कागदांच्या आधारे खोडावे लागते.